बाजारहाटासाठी नवी स्कूटर : उभ्या गाडीची पारख

माझ्या स्कूटरला लांबचा प्रवास माहीत नाही. भाजी एका ठिकाणी, किराणा दुसऱ्या ठिकाणी, औषधे तिसऱ्या ठिकाणी आणि परतताना एखादे पार्सल, असा आठवड्यातून चार-पाच वेळा होणारा माझा फेरा सगळा मिळून सहा किलोमीटरच्या वर जात नाही. ताशी २५ किलोमीटरची सरासरी धरली तर हे अंतर पंधरा मिनिटांत संपते. घरी परतायला मात्र पाऊण तास लागतो. उरलेला अर्धा तास स्कूटर एक तर उभी असते, नाही तर ढकलली, वळवली, स्टँडवर चढवली, उघडली आणि भरली जात असते. जुनी स्कूटर बदलण्याची वेळ आली तेव्हा हा हिशेब प्रथमच कागदावर मांडला आणि लक्षात आले की विक्रेते ज्या गोष्टी हिरिरीने सांगतात, म्हणजे पिकअप, सर्वाधिक वेग आणि अ‍ॅव्हरेज, त्या सगळ्या त्या पंधरा मिनिटांविषयी असतात. मला गाडी निवडायची होती ती उरलेल्या अर्ध्या तासासाठी.

त्यामुळे मी चार प्रकारच्या गाड्या पाहिल्या आणि चारही उभ्या असतानाच अधिक तपासल्या. पहिली ११० सीसीची साधी पेट्रोल स्कूटर, दुसरी १२५ सीसीची, जाड पत्र्याच्या अंगाची आणि दिसायला देखणी. तिसरी मागच्या चाकातच मोटर असलेली, बॅटरी काढता येणारी हलकी विजेची स्कूटर आणि चौथी बॅटरी फूटबोर्डखाली कायमची बसवलेली मोठी विजेची स्कूटर. प्रत्येक ठिकाणी मी दोन कापडी पिशव्या आणि दोन लिटर पाण्याच्या पाच भरलेल्या बाटल्या घेऊन गेले. दहा किलो वजनाशिवाय बाजाराची स्कूटर तपासता येत नाही, असे माझे मत आहे. बाटल्या पाहून एका शोरूममधील मुलगा हसला, पण त्याच बाटल्या डिकीत बसवताना घामाघूम झाल्यावर त्याचे हसू मावळले.

वजनापासून सुरुवात करते. ११० सीसीच्या पेट्रोल स्कूटरचे वजन सहसा १०० ते ११० किलोच्या दरम्यान असते आणि धावत्या गाडीत ते जाणवतही नाही. ते जाणवते दुकानासमोर, दोन गाड्यांच्या फटीतून आपली गाडी मागे ओढताना, तेही जमीन किंचित उताराची असेल तर. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. ७६५ मिलिमीटर उंचीच्या आसनावर बसून माझे दोन्ही पाय जमिनीला लागतात, परंतु टाचा उचललेल्याच राहतात. आसनाच्या उंचीचा आकडा मात्र अर्धेच सांगतो, कारण आसन पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढ्याच उंचीची दुसरी गाडी उंच वाटू लागते. १२५ सीसीची देखणी गाडी याच ठिकाणी माझ्या मनातून उतरली. तिचे आसन सोफ्यासारखे रुंद होते, वजन पहिलीपेक्षा बरेच अधिक होते आणि भरलेल्या पिशव्यांसह तिला मागे ढकलताना नाकापेक्षा मोती जड ही म्हण मला अंगाने समजली.

डबल स्टँडची परीक्षा तर शोरूममध्ये कोणीच घेऊ देत नाही. गाडी आधीच स्टँडवर असते आणि उतरवण्याचे काम तिथला कर्मचारी करतो. ती आपण स्वतः, डिकी भरून, किमान तीनदा लावून पाहावी. स्टँड लावणे हे ओढण्याचे काम नाही, ती तरफ आहे: डावा हात हँडलवर, उजवा हात मागच्या दांडीवर आणि शरीराचा सगळा भार उजव्या पायाने स्टँडच्या जिभेवर टाकला की गाडी आपोआप मागे सरकून चढते. ही जीभ किती लांब आहे आणि सायलेन्सरपासून किती बाहेर आलेली आहे, यावर सगळे अवलंबून असते. ११० सीसीच्या गाडीत ती चांगली लांब होती आणि डिकीत दहा किलो असतानाही गाडी एका दमात चढली. तिसऱ्या, हलक्या विजेच्या गाडीत जीभ इतकी आखूड होती की कमी वजन असूनही पाय दोनदा निसटला. साइड स्टँड सोपा असतो हे खरे. पण पुढे हुकात जड पिशवी असताना गाडी साइड स्टँडवर टाकली की हँडल एका बाजूला झुकते, पिशवी लोंबकळते, आणि उन्हाने मऊ पडलेल्या डांबरात स्टँडचे टोक रुतले तर परत येईपर्यंत गाडी आडवी झालेली दिसते.

आता फूटबोर्ड. माझ्या मते बाजाराच्या स्कूटरचा जीव इथेच असतो, आणि नव्या गाड्यांमध्ये सर्वांत जास्त हेळसांड होते तीही याच जागेची. १९४६ साली इटलीत पियाज्जिओ कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हा मुळात विमाने आणि हेलिकॉप्टर यांवर काम केलेला अभियंता होता आणि त्याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. इंजिन मागच्या चाकापाशी नेऊन, साखळी काढून टाकून आणि अंगाचा पत्राच सांगाडा म्हणून वापरून त्याने पायांपुढची जागा मोकळी केली. बसणाऱ्याचे कपडे तेलाने मळू नयेत आणि त्याला टांग न टाकता चढता यावे, हा त्यामागचा विचार होता. त्या मोकळ्या जागेत पिशवी ठेवता येते, हा स्कूटर वापरणाऱ्यांनी करून घेतलेला फायदा आहे आणि आजही दुसरे कोणतेही दुचाकी वाहन तो इतक्या सहजपणे देत नाही. वजन जमिनीलगत राहते, दोन्ही चाकांच्या मधोमध राहते आणि डोळ्यांसमोर राहते. हेच वजन मागे उंच पेटीत ठेवले तर ते मागच्या चाकाच्याही मागे जाते, पुढचे चाक हलके होते आणि कमी वेगात वळताना हँडल डगमगते.

म्हणून फूटबोर्ड सपाट आहे की नाही, हा पहिला प्रश्न. मोठ्या इंजिनाच्या अनेक स्कूटरींत मधून एक उंचवटा जातो, कारण तिथून सांगाड्याचा कणा किंवा पेट्रोलची टाकी गेलेली असते. अशी गाडी महामार्गावर कितीही स्थिर असली तरी बाजारासाठी ती मी विचारातच घेतली नाही. विजेच्या गाड्यांमध्ये अडचण वेगळी आहे. बॅटरी खाली बसवली की गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि ती वळणावर अतिशय समजूतदार वाटते, मात्र फूटबोर्ड वर उचलला जातो आणि गुडघे पोटाकडे येतात. चौथ्या गाडीत पिशवी पायांमध्ये ठेवल्यावर माझे गुडघे हँडलला लागत नव्हते, पण माझ्याहून उंच असलेल्या भावाचे पूर्ण वळणावर लागले. उंच माणसाने ही गोष्ट गाडी जागेवर उभी करून, हँडल डावी-उजवीकडे टोकापर्यंत फिरवून तपासावी.

हुकाविषयी लिहिताना मी थोडी सविस्तर होणार आहे, कारण या क्षुल्लक वस्तूवर एकाही विक्रेत्याने एक वाक्यही उच्चारले नाही. हुक आसनाच्या पुढच्या टोकाखाली असतो किंवा समोरच्या पत्र्यावर. समोरचा हुक पिशवी लावायला सोपा, परंतु तिथली पिशवी झुलते आणि ब्रेक लावताना नडग्यांवर आपटते. आसनाखालचा हुक पिशवीला मागून धरून ठेवतो, पण तिचे बंद लांब असतील तर ती तशीच जमिनीवर टेकून पसरते. हुकाचा बाक खोल हवा किंवा त्याला झाकणी हवी, नाही तर पहिल्याच गतिरोधकावर बंद निसटतो. वजनाची मर्यादाही पाहावी. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत ती दीड ते तीन किलो इतकीच दिलेली असते, म्हणजे हुक भार पेलण्यासाठी नसून पिशवी उभी धरण्यासाठी आहे; भार फूटबोर्डनेच घ्यायचा असतो. दहा किलोची पिशवी नुसती हुकाला टांगून गाडी चालवणारे रोज दिसतात, आणि एक दिवस तो प्लास्टिकचा तुकडा का तुटला याचे त्यांना नवल वाटते.

डिकीचे माप लिटरमध्ये सांगतात आणि तिथेच फसगत होते. लिटर हे पाण्याचे माप आहे. पाणी कोणत्याही कोपऱ्यात शिरते, पिठाची पिशवी शिरत नाही. चौथ्या गाडीच्या डिकीचा आकडा सर्वांत मोठा होता, पण ती पुढे खोल आणि मागे उथळ अशी होती, त्यामुळे माझ्या पाचपैकी चारच बाटल्या आत बसल्या आणि पाचवीने आसन बंद होऊ दिले नाही. ११० सीसीच्या डिकीचा आकडा लहान, परंतु तळ सपाट. पाचही बाटल्या आडव्या बसल्या. शिवाय हेल्मेट हे खरेदीच्या आधीच डिकीत जाऊन बसते, हे आकडा सांगणारा सोयीस्करपणे विसरतो. बाजारात शिरताना हेल्मेट काढून आत ठेवले की उरलेल्या जागेत फार तर एक पाकीट मावते. म्हणून आसनाच्या कडेला हेल्मेट अडकवून कुलूप लावता येते का, हे मी प्रत्येक गाडीत पाहिले आणि दोनच गाड्यांत ती सोय आढळली.

पेट्रोल गाडीची डिकी इंजिनाच्या डोक्यावर असते, त्यामुळे ती तापते. थंड ठेवायच्या वस्तू तिथे ठेवू नयेत. पेट्रोल भरण्याचे झाकण आसनाखाली आहे की बाहेर, हा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे, कारण आसनाखाली असेल तर पंपावर भरलेली डिकी सगळ्यांसमोर उघडून वरची पिशवी हातात धरून उभे राहावे लागते. विजेच्या गाडीत ही दोन्ही दुखणी नाहीत. तिचे दुखणे असे की काढता येणारी बॅटरी बहुधा डिकीतच राहते आणि सोबत बाळगायचा चार्जर उरलेली जागा घेतो. तिसरी गाडी त्यामुळेच बाद झाली. बॅटरी तळाशी बसवल्यावर डिकीत माझ्या दोन बाटल्या राहिल्या.

चाकांच्या बाबतीत मला तडजोड करावी लागली. पहिल्या व्हेस्पाची चाके आठ इंची होती. आज सर्वसाधारण स्कूटरीत दहा किंवा बारा इंची चाके येतात. लहान चाक खड्ड्यात खोल उतरते आणि बाहेर निघताना हँडलला झटका देते, मोठे चाक त्यावरून जाते. होंडाच्या एसएच मालिकेत सोळा इंची चाके असतात आणि पियाज्जिओच्या लिबर्टीत पुढे सोळा, मागे चौदा. खराब रस्त्यावर अशा गाड्या नक्कीच निवांत चालतात. परंतु मागचे चाक जेवढे मोठे, तेवढी आसनाखालची जागा कमी, हा भूमितीचा नियम कोणतीही कंपनी मोडू शकत नाही. बाजाराच्या गाडीला पुढे बारा आणि मागे दहा किंवा बारा इंची चाक पुरेसे आहे, असे मला वाटते. पियाज्जिओने २००६ मध्ये पुढे दोन चाके असलेली, वळताना झुकणारी एमपी३ आणली. ओल्या रस्त्यावर तिच्यासारखा भरवसा दुसरी गाडी देत नसेल, मात्र चार किलो कांद्या-बटाट्यांसाठी एवढा पसारा दुकानासमोरच्या फटीत घुसवण्याची माझी तयारी नाही.

इंजिनाचा विचार मी मुद्दाम शेवटी केला आणि इथेच माझा मूळ बेत बदलला. जुन्या सवयीने मी ११० सीसीची पेट्रोल गाडीच घेणार होते. उभ्या परीक्षेत तिने सर्वांत चांगले गुण मिळवले होते. अडचण अशी की दीड किलोमीटर जाऊन बंद होणारे पेट्रोल इंजिन कधी धड तापतच नाही. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते, थंड असेल तर त्यातले काही सायलेन्सरमध्येच साचून त्याला आतून गंजवते आणि काही पिस्टनच्या रिंगांपलीकडे उतरून ऑइलमध्ये मिसळते. थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल द्यावे लागते आणि त्याचाही काही अंश ऑइलमध्ये उतरतो. माझ्या जुन्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली साठणारा दुधाळ, पिवळट चिकटा मी वर्षानुवर्षे पाहत होते आणि ऑइल भेसळीचे असावे असे समजून दुकान बदलत होते. तो ऑइलचा दोष नव्हता, माझ्या फेऱ्यांचा होता. अशा वापरात ऑइल किलोमीटरवर नव्हे, महिन्यांवर आणि पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी बदलावे लागते, आणि आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवून तापवावी लागते.

बॅटरीचेही तसेच. एका फेऱ्यात चार वेळा सेल्फ मारला की बारा व्होल्टच्या त्या लहान बॅटरीतून गेलेली वीज मधल्या तीन-चार मिनिटांच्या चालवण्यात पूर्ण भरून येत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिलेल्या शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट साठते आणि ती लवकर निकामी होते. किक असेल तर निभावते, पण अलीकडच्या बऱ्याच गाड्यांतून किक काढून टाकली आहे. कमी वापराची पेट्रोल गाडी घेणाऱ्याने किक आहे की नाही हे रंग निवडण्याआधी पाहावे.

विजेच्या मोटरला तापण्याची गरज नाही. दीड किलोमीटर आणि पंधरा किलोमीटर तिला सारखेच. विजेच्या स्कूटरीला एका किलोमीटरला साधारण २५ ते ३५ वॉट-तास वीज लागते, म्हणजे माझ्या सहा किलोमीटरच्या फेऱ्याला फार तर २१० वॉट-तास. दोन किलोवॉट-तासांची, म्हणजे दोन हजार वॉट-तासांची, बॅटरी माझा आठवडा काढते आणि वर जवळजवळ निम्मी उरते. असे असताना विक्रेता मला दुप्पट बॅटरीची गाडी दाखवत होता. ती जादा बॅटरी मी कधीही न करणाऱ्या प्रवासासाठी रोज वाहून नेली असती. काढता येणारी बॅटरी सोयीची वाटते खरी, पण तिचे वजन दहा किलोच्या आसपास असते, आणि खरेदीच्या पिशव्या वर नेल्यावर तिच्यासाठी दुसरी खेप करावी लागते. ज्यांच्या गाडीच्या जागेशेजारी चार्जर लावायला विजेचे सॉकेट नाही, त्यांना दुसरा मार्गही नाही. माझ्याकडे ते आहे, म्हणून मी चौथ्या प्रकारातली, परंतु लहान बॅटरीची गाडी निवडली.

तिच्यातली एक गोष्ट मात्र नव्या माणसाला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. विजेची गाडी चालू आहे की बंद, हे कानाला कळत नाही. दुकानासमोर थांबून, खाली उतरून, हुकात पिशवी अडकवताना हाताचा भार चुकून अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीवर पडला तर गाडी उडी मारून पुढे जाते. पहिल्याच आठवड्यात माझी गाडी पायरीवर जाऊन आदळली. साइड स्टँड खाली असताना मोटर बंद राहते, पण मी तो लावला नव्हता. आता थांबले की आधी बटण बंद, मग स्टँड, मग पिशवी, हा क्रम मी सोडत नाही. याच्या उलट, मागे जाण्याची सोय ही मी खेळणे समजत होते आणि आता तिच्याशिवाय माझे चालत नाही. उतारावर तोंड करून लावलेली भरलेली गाडी ती चालण्याच्या वेगाने मागे घेते आणि मला उतरून ओढावे लागत नाही.

ब्रेकबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. या वेगाला पुढे डिस्क आणि मागे ड्रम पुरतो, दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी व्यवस्था उपयोगी पडते, आणि पिशव्यांसह थांबताना फूटबोर्डवरचे सामान पुढे सरकते एवढे लक्षात ठेवले की झाले. टायर ट्यूबलेस आहेत. हवा पंधरवड्याला तपासते.

दोन महिन्यांच्या वापरानंतर तक्रारी तीन आहेत. डिकी किल्लीने उघडत नाही, बटणानेच उघडते; ते बटण मुख्य बॅटरीखेरीज असलेल्या ज्या लहान बॅटरीवर चालते ती बसली तर आत ठेवलेले सामान कसे काढायचे, याचे उत्तर विक्रेत्याला दोनदा विचारूनही मिळाले नाही आणि शेवटी पुस्तिकेतच, समोरच्या पत्र्यामागे दडलेल्या एका तारेच्या रूपात सापडले. फूटबोर्डवरचा रबर गुळगुळीत असल्यामुळे ओली पिशवी वळणावर घसरते. तिथे मी खरखरीत चटईचा तुकडा कापून टाकला आहे. तिसरी तक्रार हुकाची, आणि इतके निरखूनही मी तिथेच फसले. शोरूममधल्या नमुन्याच्या गाडीला झाकणीचा हुक होता, माझ्या गाडीला साधा, उथळ बाकाचा आला. विचारल्यावर तो सुट्या भागांत मिळतो असे कळले, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला बदलून देण्याचे कबूल झाले आहे. तोपर्यंत भार फूटबोर्डवर, पिशवीचे बंद हुकात, आणि बंदांना एक गाठ, अशी व्यवस्था चालू आहे.